जोत्यावर थांबलेले घर आणि वाढलेले दर

वाचकाचे पत्र

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात एका गावात माझी साडेपाच एकर कोरडवाहू शेती आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी जुन्या मातीच्या घराची मागची भिंत बसली आणि तेव्हापासून आम्ही उरलेल्या दोन खोल्यांत राहतो. घरकुल मंजूर झाले, पहिला हप्ता मिळाला. घर माणूस एकदाच बांधतो म्हणून मी ६५० चौरस फुटांचा पाया घेतला. अक्षय्य तृतीयेला काम सुरू झाले, जोता झाला, कॉलमच्या सळाखी वर निघाल्या आणि जूनमध्ये रेती बंद झाली. उरलेल्या कामाचे मालासकट ८ लाख ५० हजार ठरले होते आणि त्यातले बरेचसे दोन हंगामांत फेडायचे होते. दिवाळीनंतर मिस्त्री म्हणतो की सगळेच महागले, आता ११ लाख लागतील. मी बाजारात विचारले, तर सिमेंट गोणीमागे २० रुपये, लोखंड किलोमागे ८, रेती ब्रासमागे (म्हणजे १०० घनफुटांमागे) ३,५००, गिट्टी ब्रासमागे ८०० आणि विटा हजारी १,५०० रुपये वाढल्याचे कळले. यंदाचा कापूस आणि मागची शिल्लक धरून हाती ३ लाख राहतील. लहान भाऊ म्हणतो, भाव आणखी चढण्याआधी व्याजाने २ लाख उचलून सगळा माल भरून ठेवू. बायको म्हणते, टिन टाकू आणि राहायला जाऊ. मला वाटते, भाव उतरेपर्यंत थांबावे. आपले मत कळवावे.

उत्तर

नमस्कार.

तुम्ही वाढीव दर आकड्यांसह कळवले, याबद्दल आभार. या विषयावर येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘महागाईने कंबरडे मोडले’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यावरून कुणाला काहीच सल्ला देता येत नाही. तुमच्या आकड्यांवरून मात्र हिशेब मांडता येतो, म्हणून आधी तोच मांडू.

६५० चौरस फुटांच्या घराचा जोता झाल्यानंतर जे काम उरते, त्याला ढोबळमानाने २०० गोण्या सिमेंट, १,६०० किलो लोखंड, ८ ब्रास रेती, ५ ब्रास गिट्टी आणि १२ हजार विटा लागतात असे धरा. नकाशाप्रमाणे हे आकडे थोडे खालीवर होतील, परंतु अंदाजाला ते पुरेसे आहेत. तुम्ही कळवलेली वाढ याला लावली, तर सिमेंटचे ४,००० रुपये, लोखंडाचे १२,८००, रेतीचे २८,०००, गिट्टीचे ४,००० आणि विटांचे १८,००० रुपये वाढतात. सगळे मिळून ६६,८०० रुपये झाले. मिस्त्रीने वाढवून मागितले आहेत २ लाख ५० हजार. मधले १ लाख ८३ हजार रुपये कशाचे, हा प्रश्न तुम्ही त्याला शांतपणे विचारावा. त्यात मजुरीची वाढ आहे, हे उघड आहे. कदाचित बोलता बोलता वाढलेला जिना, पोर्च किंवा टाइल्सही असतील. पण माझ्या मते त्यातला मोठा भाग मिस्त्रीच्या भीतीचा आहे. मालासकट काम घेणारा माणूस उद्याच्या भावाची जोखीम आजच किमतीत धरतो. रेती केव्हा मिळेल आणि कोणत्या भावाने मिळेल हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो सर्वांत वाईट भाव धरून बोली करतो. यात त्याची लबाडी आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तसेच केले असते. मात्र टंचाईच्या काळात मालासकट ठेका देणारा घरमालक झालेल्या वाढीबरोबर न झालेल्या वाढीचेही पैसे भरतो, एवढे ध्यानात ठेवा. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झाल्यानंतर तुमच्या हाताला वेळ असतो. माल स्वतः आणा आणि मिस्त्रीला मजुरीपुरतेच काम द्या. यात धावपळ आहे, मालाची नासाडी झाली तर ती तुमच्या माथी येते आणि रात्री गोण्यांवर लक्षही ठेवावे लागते. तरीही तुमच्या परिस्थितीत हाच मार्ग स्वस्त पडेल.

आता भाव उतरण्याची वाट पाहण्याविषयी. सगळ्या मालाचे भाव एका चालीने चालत नाहीत, त्यामुळे या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. लोखंडाचे भाव चढतात तसे उतरतातही. २०२२ साली युक्रेनमधील युद्ध सुरू झाल्यावर लोखंड कसे भडकले होते, ते तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडचे पोलाद कारखाने कोकिंग कोळसा मुख्यतः ऑस्ट्रेलियातून आणतात, त्यामुळे तिकडच्या बाजारातील उलथापालथ आर्णीच्या दुकानापर्यंत पोहोचते. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर शुल्क बसवले, देशातले भाव खाली आले आणि नोव्हेंबरात ते शुल्क उठवण्यात आले. तेव्हा लोखंडाच्या बाबतीत दोनचार आठवडे नजर ठेवून घेण्यात अर्थ असतो. सिमेंटचा प्रकार वेगळा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी २८० रुपयांना पडणाऱ्या गोणीवर त्याने २८ रुपयांचा फरक पडतो. हा फरक दुकानदाराने तुम्हाला दिला की नाही, हे पक्क्या बिलावरच दिसते. कच्च्या चिठ्ठीवर माल घेऊ नका. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर आणि घुग्घुसच्या बाजूला सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे आपल्याकडे सिमेंट न मिळण्याचा प्रसंग फारसा येत नाही. त्याचा भाव मागणी आणि मालवाहतुकीवर हलतो, आणि पावसाळ्यात मागणी घटली की बहुधा उतरतो. पण पावसाळ्यात स्वस्त मिळालेले सिमेंट तुमच्या उपयोगाचे नाही, कारण तेव्हा रेती नसते.

खरी अडचण रेतीची आहे, आणि रेतीचा भाव उतरण्याची वाट पाहत बसलात तर दरवर्षी तेच होईल. १० जून ते ३० सप्टेंबर नदीपात्रातून रेती काढायला बंदी असते. त्यानंतरही घाटांचे लिलाव, पर्यावरणाची मंजुरी आणि प्रत्यक्ष उपसा यांत महिने जातात. पैनगंगा आणि अरुणावती दारातून वाहत असूनही ऐन हिवाळ्यात तुमच्या तालुक्यात रेती दुर्मीळ होते, याचे कारण पात्रात रेती नाही असे नसून ती काढण्याची परवानगी वेळेवर कुणाच्या हातात नसते, असे आहे. त्यात भर म्हणून या वेळी मागणी एकदम उसळली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रात सुमारे २० लाख घरकुलांना एकाच वेळी मंजुरीपत्रे दिली गेली. ज्या गावात वर्षाला पाचसात घरे होत, तिथे आता एकाच हंगामात तीसचाळीस जोते उभे राहिले, आणि मिस्त्री मात्र तेवढेच, भट्ट्या तेवढ्याच, ट्रॅक्टरही तेवढेच. तुमच्या विटा आणि तुमचा मिस्त्री महागला तो मुख्यतः याच कारणाने. त्यातही विटांचा भाव थोडा सैल होईल, कारण पावसाळ्यानंतर भट्ट्या लागतात आणि नवा माल जानेवारीच्या सुमारास बाजारात येतो. दिवाळीनंतर लगेच जो भाव ऐकू येतो, तो मागच्या उन्हाळ्यातील उरलेल्या विटांचा असतो. तेव्हा विटांसाठी महिना थांबा. मजुरी मात्र एकदा चढली की उतरत नाही. तिच्यासाठी थांबून काहीच पदरात पडणार नाही.

आणि समजा, तुम्ही सगळेच वर्षभर थांबवले, तर जोत्याचे काय? तुमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडेपर्यंत आकसते. वर भिंतीचे आणि छताचे वजन नसलेला हलका जोता या हालचालीला अधिक दाद देतो. एक पावसाळा त्याने काढला आहे. दुसरा काढायला लावू नका. पुढचे काम सुरू करण्याआधी चारही बाजूंनी जोत्याच्या वरच्या बीमवर तडे गेले आहेत का, हे पंचायत समितीच्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवा. मिस्त्रीचे ‘काही होत नाही’ या बाबतीत पुरेसे नाही.

भावाच्या सल्ल्यामागे आपुलकी आहे, परंतु तो ऐकू नये, आणि त्याचे कारणही साधे गणितच आहे. गावात व्याजाने पैसे म्हणजे बहुधा शेकडा ३ रुपये महिना. २ लाखांवर महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७२,००० रुपये व्याज होते. म्हणजे ६६,८०० रुपयांची भाववाढ टाळण्यासाठी तुम्ही ७२ हजार रुपये व्याज भराल आणि मुद्दल तसेच उभे राहील. शिवाय भरून ठेवलेला सगळा माल टिकत नाही. सिमेंट कितीही कोरड्या जागी ठेवले तरी तीन महिन्यांत त्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते आणि सहा महिन्यांत त्याहून बरीच घटते. गोणीवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. ते वाचल्याशिवाय गोणी उतरवून घेऊ नका, आणि जेवढे पंधरा दिवसांत वापराल तेवढेच आणा. लोखंड ठेवता येते, विटा ठेवता येतात, रेती तर ठेवावीच. पीक कर्जाचा पैसा घराला लावण्याचा विचार कुणी सुचवला असेल, तर तोही दूर ठेवा. ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर व्याज शून्य पडते. ते घरात अडकले आणि थकले, तर व्याज लागेल ते लागेलच, वर पुढच्या खरिपाला बियाण्या-खतासाठी पुन्हा सावकाराकडे जावे लागेल. अगदीच कमी पडले, तर घरकुलाच्या लाभार्थ्याला बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्ज मागण्याची सोय योजनेतच आहे. ती आधी विचारा.

मग करायचे काय? माझे मत स्पष्ट आहे. जोता ६५० चौरस फुटांचाच राहू द्या, पण या हंगामात त्यातले ३०० चौरस फूटच उभे करा. प्रधानमंत्री आवास योजनेतील घरकुल किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट स्वयंपाकघरासह असावे लागते. त्यात आपल्या भागासाठी १ लाख २० हजारांचे अनुदान आहे, शौचालयाचे १२ हजार वेगळे, रोजगार हमीतून ९० मनुष्यदिवसांची मजुरी वेगळी, आणि राज्य सरकारने २०२५ मध्ये ५० हजारांची वाढ जाहीर केली, त्यातले ३५ हजार बांधकामासाठी व १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी आहेत. हे अनुदान २७० चौरस फुटांच्या मापाने बेतलेले आहे आणि त्या मापालाही ते तोकडेच पडते. घर एकदाच बांधायचे म्हणून आपण अडीचपट पाया घेतो आणि मग अर्ध्यावर अडकतो, हे तुमच्याच नव्हे, विदर्भातल्या कितीतरी गावांत पाहायला मिळते. गवत वाढलेले जोते आणि गंजलेल्या सळाखी, हे दृश्य आता कुणाला नवे वाटत नाही. यात हौस असते, पण त्याहून अधिक हिशेबाचा अभाव असतो.

३०० चौरस फुटांवर आलात की रेतीचा प्रश्न जवळजवळ मिटतो. कॉलम उभारून बांधलेल्या साध्या घराला पायापासून गिलाव्यापर्यंत चौरस फुटामागे पावणेदोन घनफुटांच्या आसपास रेती लागते. ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे ३०० चौरस फुटांना सव्वापाच ब्रास. त्यातून पायाचे काम तुमचे झालेलेच आहे. आणि घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रास रेती स्वामित्वधन, म्हणजे सरकारची रॉयल्टी, न घेता देण्याचे राज्याचे धोरण आहे. वाहतुकीचा खर्च तुमचा, पण टंचाईचा भाव त्यात नाही. यासाठी ग्रामपंचायतीमार्फत लाभार्थ्यांच्या यादीत तुमचे नाव आहे का ते पाहा आणि तहसील कार्यालयात अर्ज करून पोच घ्या. कागद हलायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम मिस्त्रीशी बोलण्याच्याही आधी करा. रात्री पावती नसलेला ट्रॅक्टर येऊन उभा राहील, भावही बरा सांगेल. त्याला परत पाठवा. विनापरवाना रेतीवर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद जमीन महसूल कायद्यात आहे, आणि दारात पडलेला ढीग कुणाचा, हे तलाठ्याला विचारावे लागत नाही.

रेती कुठूनही येवो, दोन गोष्टी स्वतःच्या हाताने करा. पहिली म्हणजे ट्रॉली मोजणे. रेती उतरवण्याआधी आतून लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत घ्या आणि गुणाकाराला १०० ने भागा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दीड फूट भरलेली ट्रॉली ९० घनफूट होते, म्हणजे एक ब्रासला दहा घनफूट कमी. रेती ओली असेल तर ती फुगलेली असते. थोड्या ओलाव्यानेही तिचे आकारमान पाचव्या-चौथ्या हिश्शाने वाढलेले दिसते, त्यामुळे ओल्या रेतीची ट्रॉली शिगोशिग दिसली तरी कोरडी झाल्यावर ढीग खाली बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे मातीची तपासणी. टंचाईत नाल्याची, गाळाची काळपट रेती नदीची म्हणून खपवली जाते. एका उभ्या काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत रेती घाला, वर चिमूटभर मीठ घातलेले पाणी ओता, जोरात हलवा आणि तीन तास धक्का न लावता ठेवा. रेती खाली बसते आणि तिच्यावर गाळाचा गुळगुळीत थर दिसतो. तो थर खालच्या रेतीच्या थराच्या बाराव्या हिश्शाहून जाड असेल, तर ती रेती स्लॅबला वापरू नका, हवी तर धुऊन घ्या. अशी बरणी ट्रॅक्टरवाल्यासमोर ठेवली की पुढची खेप आपोआप स्वच्छ येते, हा अनेकांचा अनुभव आहे. नदीची रेती मिळालीच नाही, तर क्रशरवर धुऊन प्रतवारी केलेली कृत्रिम रेती काँक्रीटला चालते. साधी डस्ट, म्हणजे क्रशरची न धुतलेली भुकटी, मात्र तिच्या नावावर घेऊ नका.

लोखंडातही असेच एक लहानसे गणित आहे. दुकानदार नगावर भाव सांगत असेल, तर वजन करून घ्या. पूर्ण १२ मीटर लांबीच्या ८ मिलिमीटरच्या सळाखीचे वजन ४.७४ किलो, १० मिलिमीटरचे ७.४ किलो आणि १२ मिलिमीटरचे १०.६६ किलो असायला हवे. बारीक सळाखीत शेकडा सात आणि १२ मिलिमीटरमध्ये शेकडा पाच एवढी घटबढ मानकात मान्य आहे. त्याहून हलकी सळाख स्वस्त पडत नाही, ती फक्त कमी असते. भाव चढला की बाजारात नेमक्या हलक्या सळाखी वाढतात. सळाखीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि एफई ५०० किंवा ५०० डी असा ठसा उठवलेला असतो, तो पाहा.

आता वहिनींच्या टिनाविषयी. तुम्ही ज्या सुरात लिहिले आहे, त्यावरून टिन म्हणजे माघार असे तुम्हाला वाटते आहे. तसे ते नाही. वहिनींचे म्हणणे अर्ध्याहून अधिक बरोबर आहे, कारण या पावसाळ्याआधी डोक्यावर छत असणे ही घराची पहिली गरज आहे आणि पडक्या भिंतीच्या घरात आणखी एक पावसाळा काढणे धोक्याचे आहे. तरीही जमल्यास ३०० चौरस फुटांवर स्लॅबच टाका. पाच इंची स्लॅब एवढ्या क्षेत्राला १२५ घनफूट होतो. त्याला २८ ते ३० गोण्या सिमेंट, अर्धा ब्रास रेती आणि ब्रासहून थोडी अधिक गिट्टी लागते. बीमचे वेगळे. हा काही न पेलणारा माल नाही. यवतमाळच्या मे महिन्यात टिनाखाली दुपार कशी जाते, हे तुम्हाला सांगायला नको, आणि वादळात टिन उडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. पण मी एक मुदत घालून देतो. फेब्रुवारी संपेपर्यंत स्लॅबचा सगळा माल दारात आला नाही, तर स्लॅबचा नाद सोडा आणि भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा घेऊन, त्यात बोल्ट रोवून, लोखंडी पाइपवर टिन घट्ट बसवा. मार्चनंतर ओतलेल्या स्लॅबला पाणी पुरत नाही. स्लॅबवर आळे करून निदान दहा दिवस, जमल्यास चौदा दिवस पाणी उभे ठेवावे लागते, राखमिश्रित सिमेंट असेल तर यात कसूर चालतच नाही. एप्रिलमध्ये विहिरी तळाला गेल्या की हे पाणी टँकरचे असते, आणि टँकरचे पैसे कुणाच्याच इस्टिमेटमध्ये नसतात. पाणी कमी पडलेला स्लॅब महागातल्या सिमेंटचाही कच्चाच होतो. तुळ्यांखालचे टेके दोन आठवडे काढू देऊ नका, सेंट्रिंगवाल्याला दुसऱ्या गावी जायची कितीही घाई असली तरी.

काटकसर करायचीच असेल, तर ती पाया, कॉलम आणि स्लॅब यांत न करता इतरत्र करा. जुन्या घराची सागवानी दारे, चौकटी, फाटे नीट उतरवून ठेवा. आज तसे लाकूड बाजारात घ्यायला गेलात तर भाव ऐकूनच परत याल. पडलेल्या भिंतीची पांढरी माती जोत्याच्या भरावात चालते, पण थराथराने पाणी मारून, धुमस करून, आणि वरचा थर मुरमाचा घेऊन. शेतातली काळी माती भरावात एक टोपलेही नको. टाइल्स, बाहेरचा गिलावा, रंग, हे सगळे पुढच्या हंगामावर टाका. लाल विटा फारच महाग पडल्या, तर राखेच्या विटांचा भाव काढा. कोराडी आणि चंद्रपूरच्या वीज केंद्रांमुळे विदर्भात राखेला तोटा नाही आणि या विटा बनवणारे कारखाने बऱ्याच ठिकाणी आहेत. मात्र भाड्यासकट दारात पडणारा भाव विचारा, कारण साठसत्तर किलोमीटरच्या वाहतुकीत स्वस्ताई संपते. वीट कोणतीही असो, कमरेइतक्या उंचीवरून कठीण जमिनीवर टाकून पाहा. तुटली तर ती खेप नको.

मिस्त्रीशी तुमचे संबंध बिघडू देऊ नका, कारण या हंगामात चांगला मिस्त्री मिळणे रेती मिळण्याहून अवघड आहे. त्याला मोकळेपणाने सांगा की माल तुम्ही आणणार, काम ३०० चौरस फुटांचे होणार, आणि मजुरी चौरस फुटावर ठरवून कॉलम, भिंती, स्लॅब आणि गिलावा या टप्प्यांप्रमाणे चार भागांत देणार. आधी काही इसार दिला असेल तर तो पहिल्या टप्प्यात वळता करा. हे सगळे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि माल उशिरा आला तर खाडे कुणी सोसायचे, हेही त्यातच लिहा. बहुतेक भांडणे याच एका गोष्टीवरून होतात. टप्पा सुरू करण्याआधी त्या टप्प्याचा सगळा माल दारात असला पाहिजे, हा नियम मात्र स्वतःपुरता पक्का ठेवा. अर्धी भिंत बांधून थांबण्यापेक्षा आठ दिवस उशिरा सुरुवात केलेली बरी.

पैशाचे म्हणाल, तर मिस्त्रीच्याच जुन्या दराने ३०० चौरस फुटांना ३ लाख ९० हजारांच्या आसपास खर्च येतो. आजच्या वाढीचा त्यातला वाटा धरला आणि टाइल्स-रंग वगळले, तर साधारण तेवढ्यातच काम बसावे. तुमचे ३ लाख आणि घरकुलाचे उरलेले हप्ते यांत ते येते, सावकाराची पायरी न चढता. पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांचे फोटो काढून, जागेच्या नोंदीसह ऑनलाइन चढवल्यावरच मिळतात. म्हणून प्रत्येक टप्पा पूर्ण होताच त्याच दिवशी ग्रामपंचायतीत कळवा आणि फोटो काढून घ्या. मंजुरीपासून बारा महिन्यांत घरकुल पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते. तुमचे बरेच महिने रेतीत गेले आहेत, तेव्हा उशिराचे कारण लेखी देऊन ठेवा.

राहिला प्रश्न उरलेल्या ३५० चौरस फुटांवरील कॉलमच्या सळाखींचा. त्यांवर नुसता तांबूस रंग चढला असेल तर काळजी नाही. तारेच्या ब्रशने घासल्यावर पापुद्रे सुटत असतील आणि सळाख बारीक झालेली दिसत असेल, तर अभियंत्याला दाखवून जोड द्यावा लागेल. सळाखी ठीक असतील, तर घासून त्यांवर सिमेंटचे घट्ट पाणी फिरवा आणि कमी सिमेंटच्या कच्च्या काँक्रीटने त्या झाकून टाका. पुढे काम काढताना ते फोडता येते. आत्ता बांधायच्या भागाच्या स्लॅबमधून पुढच्या खोल्यांकडे किती सळाखी बाहेर सोडायच्या, हेही स्लॅब ओतण्याआधी त्याच अभियंत्याकडून कागदावर काढून घ्या, आणि तो कागद लोखंड बांधणाऱ्याच्या हाती द्या.